रुमाल सोडण्याचे वय
रियासतकार सरदेसायांची साठीनंतरची चौतीस वर्षे

१९२५ साली बडोदे सरकारच्या नोकरीतून साठ वर्षांचे एक गृहस्थ निवृत्त झाले. छत्तीस वर्षे त्यांनी एकाच दरबाराची चाकरी केली होती. बडोद्याचे बिऱ्हाड आवरून ते पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या कामशेत या मावळातल्या लहानशा गावी राहायला गेले. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणारा आपला समाज. अशा माणसाकडून त्याने फार तर इतकेच अपेक्षिले असते की सकाळी इंद्रायणीकाठी फेरी मारावी, दुपारी वर्तमानपत्र वाचावे, संध्याकाळी नातवंडांना गोष्टी सांगाव्यात आणि पेन्शनीच्या तारखेची वाट पाहावी.

हे गृहस्थ त्यानंतर चौतीस वर्षे जगले. आज आपण त्यांचे नाव ज्या कामासाठी घेतो, त्यातले निम्म्याहून जड काम या चौतीस वर्षांतले आहे. त्यांचे नाव गोविंद सखाराम सरदेसाई. महाराष्ट्र त्यांना रियासतकार म्हणून ओळखतो.

मी इतिहासकार नाही. चाळीस वर्षांच्या आसपास होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा एक डॉक्टर आहे. आमच्या शास्त्रात रोग्याला नुसते 'काय दुखते' एवढेच विचारून भागत नाही. केव्हापासून, कशानंतर, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त, एकटे असताना की चारचौघांत, असे बारकाईने विचारावे लागते. या विचारपुशीत एक गोष्ट मला वारंवार दिसली. साठीच्या पुढच्या माणसाची झोप उडाली, भूक गेली, छातीत उगाच धडधडू लागले, तर 'केव्हापासून' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'रिटायर झालो तेव्हापासून' असे येते. तपासण्यांचे कागद ठीक असतात. नाडी ठीक असते. आपण आता कुणाला कशासाठी हवे आहोत, हे मात्र सापडत नसते. तपासणीच्या टेबलावर या प्रश्नाला औषध नाही. त्याचे उत्तर मला एका इतिहासकाराच्या आयुष्यात सापडले, म्हणून हा विषय आपल्यापुढे ठेवतो आहे.

बडोद्यातली छत्तीस वर्षे

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल या गावी झाला. शिक्षण रत्नागिरी, पुणे आणि मुंबई येथे. १८८८ साली ते पदवीधर झाले आणि १८८९ साली सयाजीराव महाराजांकडे वाचक म्हणून रुजू झाले. वाचक म्हणजे महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे, त्यांतला मतितार्थ सांगायचा. पुढे राजपुत्रांना आणि राजकन्येला शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. महाराजांच्या परदेश प्रवासातही ते बरोबर असत.

सयाजीराव हे चाकरीतल्या माणसाकडून नुसती हजेरी घेणारे राजे नव्हते. प्रत्येक हुशार माणसाला ते काही तरी लिहायला लावीत. मॅकियाव्हेलीचा 'प्रिन्स' आणि सीलीचा इंग्लंडच्या विस्तारावरचा ग्रंथ सरदेसायांनी मराठीत आणले, ते याच वातावरणात. राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा तर मराठीत एकसंध पुस्तक नाही, म्हणून त्यांनी टिपणे काढायला सुरुवात केली. टिपणांचे ग्रंथ झाले. १८९८ साली 'मुसलमानी रियासत' निघाली, १९०२ साली 'मराठी रियासती'चा पहिला भाग, आणि पुढे 'ब्रिटिश रियासत'. 'रियासतकार' ही पदवी त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही. ती वाचकांनी दिली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निवृत्तीनंतर काय करायचे, हा प्रश्न सरदेसायांना साठाव्या वर्षी पडलाच नाही, कारण त्याचे उत्तर त्यांनी तेहतिसाव्या वर्षीच पेरून ठेवले होते. नोकरीत असताना जे काम पहाटे आणि रात्री, उसन्या वेळात केले, त्याच कामाला निवृत्तीने पूर्ण दिवस दिला. पन्नाशीत असलेल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. साठाव्या वर्षी छंद शोधायला निघणाऱ्याची तऱ्हा, तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यासारखी होते.

बडोद्यात असताना त्यांच्या कामाला एक मोठी अडचण होती. रियासतीचे पहिले भाग लिहिले तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचे अस्सल कागद फारच थोडे छापलेले होते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला तोच १८९८ साली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचे दप्तर उलगडत होते, साताऱ्यास पारसनीस संग्रह करीत होते. 'आधी साधने गोळा होऊ द्या, इतिहास मागून लिहिता येईल,' असा पुण्यातल्या संशोधकांचा आग्रह होता. सरदेसायांची भूमिका वेगळी होती. जे हाती आहे त्यावरून आज एक सलग चित्र उभे करावे, नवा कागद सापडला की ते दुरुस्त करावे, असे ते मानीत. त्यांच्यावर टीका झाली; तीत तथ्यही होते. पण नवी साधने बाहेर येत गेली तशी त्यांनी रियासत पुन्हा पुन्हा लिहिली. लिहिलेले मोडून नव्याने लिहिणे तरुणाला सोपे नसते, म्हाताऱ्याला तर त्याहून नाही.

दप्तराचे दार

निवृत्तीनंतर लगेच, १९२६ साली, पाटणा विद्यापीठात दिलेली त्यांची व्याख्याने 'मेन करंट्स ऑफ मराठा हिस्टरी' या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाली. पण खरे काम पुढे उभे होते.

पुण्यात सरकारच्या ताब्यात पेशवे दप्तर होते. पेशवाई बुडाल्यावर आणि पुढे इनामांच्या चौकशीच्या निमित्ताने जे कागद सरकारजमा झाले, त्यांचा हा अफाट साठा. कागद मोडीत, कापडाच्या रुमालांत बांधलेले, एकावर एक रचलेले हजारो रुमाल. त्यांत हिशेब आहेत, पत्रे आहेत, बातम्या आहेत, लग्नकार्याच्या याद्या आहेत. एका रुमालात पानिपतावरच्या सैन्याची दैना सापडेल, तर दुसऱ्यात केवळ तुपाचा हिशेब. संशोधकांना या दप्तरात मोकळी वाट नव्हती. सरकारला त्यातून काय बाहेर येईल याची भीती वाटे. अखेर मुंबई सरकारने निवडक कागद छापण्याचे ठरवले आणि ते काम सरदेसायांकडे आले.

साल होते १९२९. त्यांचे वय चौसष्ट.

पुढच्या पाच वर्षांत त्यांनी काही मदतनिसांना बरोबर घेऊन रुमाल सोडले, कागद चाळले, निवडले, मोडीतून बाळबोधात उतरवून घेतले, विषयवार लावले आणि 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर' या नावाने पंचेचाळीस भाग छापून काढले. उदगीर, पानिपत, शाहू महाराज, बाजीराव, नानासाहेब, माधवराव असे एकेक प्रकरण अस्सल पत्रांच्या आधारे लोकांपुढे आले. शेवटचे भाग निघाले तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

मोडी कागद ज्यांनी हाताळला आहे त्यांना या कामाचा घाम कळेल. लेखणी न उचलता लिहिलेली ओळ, शब्द कुठे तुटतो ते सांगणारी खूण नाही, तारीख बहुधा चंद्राची, वर्ष पुष्कळदा गाळलेलेच. 'छ ७ रबिलावल' एवढ्यावरून ते पत्र कोणत्या सालचे, हे मजकुरातल्या माणसांवरून ताडायचे. अशा कामात चुका होतात आणि झाल्याही. निवड घाईने केली, तारखा काही ठिकाणी चुकल्या, असे आक्षेप त्या काळी घेतले गेले. पुण्यातल्या मातब्बर संशोधकांशी त्यांचे मतभेद शेवटपर्यंत पुरते मिटले नाहीत. तरी आज कुणीही अठराव्या शतकातल्या मराठ्यांवर चार ओळी लिहायला बसला, तर त्याला या पंचेचाळीस भागांकडे जावेच लागते. चुका दुरुस्त करता येतात. पण न सोडलेल्या रुमालातली चूकही दिसत नाही आणि बरोबरही दिसत नाही.

यानंतरही त्यांनी हात आवरला नाही. ग्वाल्हेर दरबाराने १९३७ साली छापलेल्या महादजी शिंद्यांच्या पत्रव्यवहाराचे संपादन त्यांनी केले, तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. 'न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज' हा इंग्रजीतला तीन खंडांचा ग्रंथ १९४६ ते १९४८ या काळात निघाला. पहिल्या खंडाच्या वेळी ते एक्याऐंशी वर्षांचे होते, शेवटच्याच्या वेळी त्र्याऐंशीचे. ज्यांना मराठी येत नाही अशा भारतीयांना मराठ्यांची बाजू कळावी, यासाठी त्यांनी आयुष्यभराचे वाचन दुसऱ्या भाषेत पुन्हा मांडले. 'माझी संसारयात्रा' हे आत्मचरित्र १९५६ साली प्रसिद्ध झाले. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले.

पत्राची वाट पाहणारा माणूस

एवढे काम एकट्याच्या बळावर होत नाही. वाचकहो, या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आता सांगतो.

१९०४ च्या सुमारास बंगालमधून एका तरुण प्राध्यापकाचा सरदेसायांशी पत्रव्यवहार सुरू झाला. औरंगजेबाच्या इतिहासासाठी त्याला मराठी साधने हवी होती. हे जदुनाथ सरकार. वयाने सरदेसायांपेक्षा पाच वर्षांनी लहान. तेव्हापासून १९५८ च्या मे महिन्यात सरकारांचा अंत होईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ, हा स्नेह टिकला. एक कोकणातला, एक बंगालचा. फारसी कागदांत सरकारांचा हात धरणारा कुणी नव्हता. मराठी कागदांत सरदेसाई मुरलेले. मराठी साधने मुळातून वाचता यावीत म्हणून सरकार मराठी शिकले. गड, रणभूमी, जुने रस्ते दोघांनी बरोबर पालथे घातले. 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या मालेचे पहिले दोन भाग १९३६ साली निघाले. पहिल्यावर संपादक म्हणून सरकारांचे नाव आहे, दुसऱ्यावर सरदेसायांचे. जोडीने शेत नांगरावे तशी ही जोडी.

मैत्री म्हणजे दोघांनी एकमेकांची वाहवा करणे नव्हे. सरकार कठोर परीक्षक होते. पुरावा नसलेले वाक्य त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सरदेसायांचा मराठ्यांविषयीचा जिव्हाळा त्यांना कधी कधी जास्त वाटे, आणि सरकारांचे शिवाजी महाराजांवरचे लेखन महाराष्ट्रात अनेकांना झोंबले होते. तरीही पत्रे थांबली नाहीत. वृद्धापकाळात माणसाला दोन प्रकारचे सोबती लागतात. एक आपली विचारपूस करणारा, दुसरा आपल्या कामाचा हिशेब मागणारा. पहिला बहुतेकांना मिळतो. दुसरा फार थोडे लोक जपतात. 'तो भाग कुठवर आला?' असे विचारणारे पत्र आठवड्याला येत असेल, तर सकाळी उठायला कारण लागत नाही.

दवाखान्यात मी वयस्कांना आता हा प्रश्न मुद्दाम विचारतो : तुमच्या कामाचा हिशेब मागणारा कुणी आहे का? बहुतेक जण आधी हसतात, मग गप्प होतात.

दुःखाचे आणि वर्षांचे गणित

हे सगळे वाचून एखाद्याला वाटेल की सरदेसायांना सुख लाभले म्हणून काम झाले. तसे नव्हते. शांतिनिकेतनात शिकलेला आणि पुढे उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला त्यांचा मुलगा श्यामकांत ऐन तारुण्यात गेला. 'श्यामकांताची पत्रे' हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना तो मुलगा किती गुणी होता हे ठाऊक आहे. सरकारांच्या वाट्यालाही उतारवयात पोटच्या मुलाच्या मृत्यूचे दुःख आले. दोन म्हातारे, दोघांच्या घरात रिकाम्या जागा, आणि दोघांच्या टेबलावर अपुरे ग्रंथ. 'फॉल ऑफ द मुघल एम्पायर'चा चौथा आणि शेवटचा खंड निघाला तेव्हा सरकार ऐंशीच्या घरात होते.

कामाने दुःख बरे होते, असे मी म्हणणार नाही. पुत्रशोक बरा होत नाही. डॉक्टर म्हणून मी एवढेच पाहिले आहे की ज्याच्यापुढे उद्याचे काही ठरलेले काम असते, त्याला दुःख उचलून चालता येते. ज्याच्यापुढे काहीच नसते, त्याला दुःख घेऊन बसते.

आणखी एक सोपा निष्कर्ष मला टाळायचा आहे. 'काम करा म्हणजे नव्वदी गाठाल' असा उपदेश या चरित्रावरून करणे खोटेपणाचे होईल. विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी काय कमी काम केले होते? बावीस खंड साधने काढली, गावोगाव पायपीट करून कागद मिळवले, आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास देह ठेवला तेव्हा त्यांनी पासष्टीही पाहिली नव्हती. किती वर्षे मिळतील ते शरीराच्या घडणीवर, आनुवंशावर, नशिबावर अवलंबून असते. नियमित चालणे, मोजके खाणे, मीठ-साखरेवर ताबा, रक्तदाबाची वेळेवर तपासणी हे सगळे करावेच. मी रोज सांगतो. पण त्याने वर्षांची हमी मिळत नाही. राजवाड्यांच्या त्रेसष्ट वर्षांना आणि सरदेसायांच्या चौऱ्याण्णव वर्षांना समान असलेली गोष्ट वर्षांची संख्या नव्हे. दोघांनीही मरताना आपल्यामागे रुमाल सोडून, वाचून, लावून ठेवलेले होते.

सुपूर्द करणे

मी जन्माने जैन. आमच्याकडे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणतात. त्या दिवशी मंदिरातले ग्रंथ बाहेर काढायचे, धूळ झटकायची, वेष्टने बदलायची, पूजा करायची आणि पुन्हा जागेवर ठेवायचे. यामागची परंपरेतली कथा अशी. गिरनारच्या गुहेत धरसेन नावाचे वृद्ध आचार्य राहत होते. मुखपाठाने चालत आलेले आगमाचे ज्ञान आता आपल्याबरोबर संपणार, हे त्यांना दिसू लागले. त्यांनी निरोप पाठवून दोन तरुण मुनी बोलावून घेतले. त्यांची परीक्षा म्हणून दोघांना एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर कमी, दुसऱ्यात एक जास्त. दोघांनीही चूक ओळखून मंत्र शुद्ध केला, तेव्हा गुरूंनी त्यांना शिकवायला घेतले. ते पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी ते ज्ञान 'षट्खंडागम' या ग्रंथात उतरवले, आणि तो ग्रंथ पुरा झाला तो दिवस श्रुतपंचमीचा.

लहानपणी मला या कथेत त्या दोन मुनींची हुशारी आवडे. आता साठी ओलांडल्यावर धरसेनांकडे लक्ष जाते. त्यांनी नवे काही मिळवले नाही. होते ते नीट ओळखले, योग्य माणसे शोधली, त्यांना पारखले आणि सुपूर्द केले. म्हातारपणाचे काम यापेक्षा वेगळे काय असते?

सरदेसाई आणि सरकार यांनीही हे केले. माळव्यातल्या सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह हे सरदेसायांहून त्रेचाळीस वर्षांनी लहान. सरकारांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 'माळवा इन ट्रान्झिशन' हा प्रबंध लिहिला. दोन वृद्धांच्या मैत्रीत हा तिसरा तरुण सामील झाला. संस्थानिकाच्या या मुलाने पैसा खर्चून कागद, नकला, ग्रंथ सीतामऊला जमवले आणि पुढे तिथेच संशोधन संस्था उभी केली. दोन म्हाताऱ्यांनी जे आयुष्यभर शोधले, त्याला पुढे राखणदार मिळाला.

हाताखाली शिकलेला माणूस आपल्याच पोटचा असला पाहिजे, असे नाही. आज आपल्यापैकी अनेकांची मुले बंगळुरूला, पुण्याला किंवा समुद्रापलीकडे आहेत. 'आमचे ऐकायला घरात कुणी नाही' ही तक्रार मी रोज ऐकतो. धरसेनांना तरी कुठे घर होते? त्यांनी निरोप पाठवला.

आपल्या घरातले रुमाल

आता थेट तुमच्याशी बोलतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, झाशी, तंजावर, हैदराबाद, बेळगाव. या गावांतली आपली मराठी घराणी तिथे कशी आली? कुणाचे पूर्वज शिलेदार म्हणून, कुणाचे फडावरचे कारकून, कुणाचे पुराणिक, वैद्य, सराफ, व्यापारी म्हणून. त्यांच्या येण्याचा, वसण्याचा, टिकण्याचा इतिहास पेशवे दप्तरात थोडाच आहे. तो आहे आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. सनद, वाटणीपत्र, लग्नाची यादी, आहेराची वही, दुष्काळात काढलेल्या कर्जाचा रोखा, विधवा आत्याने माहेरी लिहिलेले पत्र. राजवाडे आणि खरे ज्या घरांतून कागद मिळवत हिंडले, ती आपल्यासारखीच घरे होती. पुष्कळ ठिकाणी त्यांना उत्तर मिळाले की कागद वाळवीने खाल्ले, बंबात जाळले, नदीत सोडले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी वाचणारा माणूस घरोघर होता. आज एका शहरात बोटांवर मोजण्याइतके सापडतात. ज्यांनी आजोबांना मोडीत जमाखर्च लिहिताना पाहिले, अशी शेवटची पिढी आपली आहे. फोटोतली ती नऊवारीतली बाई कोण, हे सांगू शकणारीही शेवटची पिढी बहुधा आपलीच. आपल्यामागून हे कुणाला कळणार नाही. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. साठीनंतर 'मी कुणाला हवा आहे' या प्रश्नाचे एक साधे, खरे उत्तर इथे आहे : या कागदांना तुम्ही हवे आहात.

म्हणून एक व्यवहारी सूचना. वर्षातला एक दिवस ठरवा. श्रुतपंचमी असो, वसंतपंचमी असो, दसरा असो. त्या दिवशी ट्रंक खाली काढा. कागद उन्हात टाकू नका, सावलीत वारा लागू द्या. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. गठ्ठ्यातला क्रम मोडू नका, कारण कोणत्या कागदाशेजारी कोणता होता, यातूनही अर्थ निघतो. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो घ्या. फोटोंमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, आणि आठवत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. खोटे नाव टाकू नका. एका वहीत यादी करा : कागद काय, कुणाचा, कुठून आला, त्याविषयी घरात काय सांगत. मोडी येत नसेल तर शिका. मुळाक्षरे कळायला काही आठवडे पुरतात. पुढचे सरावाचे काम. सत्तरीत नवी लिपी शिकणे बुद्धीला जितके चांगले, तितके चांगले टॉनिक माझ्या कपाटात नाही.

मग आपल्यासारखाच एखादा सोबती शोधा, दुसऱ्या गावातला असला तरी चालेल. त्याच्या घरचे कागद तुमच्याशी जुळतील. जावयाचे पत्र इंदुरात आणि सासऱ्याचे बडोद्यात असे पुष्कळदा असते. त्याला दर आठवड्याला हिशेब द्या, त्याचा घ्या. आणि तिसरा एखादा तरुण हेरा. नातू असेल तर उत्तम, नसेल तर शेजारचा, भाचीचा मुलगा, महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी. त्याला मराठी बेताचीच येत असेल, हिंदी किंवा गुजराती जास्त येत असेल. हरकत नाही. जदुनाथ सरकारांची मातृभाषा तरी कुठे मराठी होती?

या कामातून कुणाला पद्मभूषण मिळणार नाही. पंचेचाळीस भाग निघणार नाहीत. एक वही निघेल, चाळीस-पन्नास पानांची. तुमचे घराणे या गावात कसे आले, कुणी कुणाला कसे जगवले, कोणत्या साली घर बांधले आणि कोणत्या साली विकले, एवढे तीत असेल. ती वही या संस्थेच्या ग्रंथालयात एक प्रत, घरी एक प्रत, अशी ठेवा. आपल्या शहरातल्या मराठी माणसांचा इतिहास लिहायला पन्नास वर्षांनी कुणी बसेल, तेव्हा त्याचे पहिले साधन ते असेल.

कामशेतला जाणाऱ्या त्या साठ वर्षांच्या माणसाला पुढे किती वर्षे आहेत ते ठाऊक नव्हते. आपल्यालाही नाही. पुढचा रुमाल कोणता सोडायचा, हे मात्र त्यांना ठाऊक होते. तेवढे आपल्यालाही ठरवता येईल. गाठ घट्ट असते, कापड जुने झालेले असते. हळूच सोडावी लागते, एवढेच.